वेताळाच्या लग्नाला मांड्रेक आला होता

आमचा वेताळ मराठी बोलायचा. डेंकालीच्या जंगलात, कवटीच्या गुहेत बसून तो समुद्री चाच्यांना दम द्यायचा तो मराठीत. डायनाशी बोलायचा तेही मराठीत. बांदार टोळीतले बुटके लोक रात्री शेकोटीभोवती त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कथा सांगायचे, त्याही मराठीत. १९७०च्या आसपास सोलापुरात वाढलेल्या आमच्या पिढीला तो कधी परका वाटलाच नाही. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १९३६ साली त्याला जन्म दिला आणि टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू करून त्याला भारतात आणलं. मुळात त्याच्या मुलखाचं नाव बंगालची आठवण करून देणारं होतं, ते इथे बदलून डेंकाली झालं. हे सगळं आम्हाला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की त्याच्या अंगठीचा ठसा ज्याच्या जबड्यावर उमटला, त्याचा तो जन्मभर पुसला जात नाही.

बाळीवेशीजवळ एका किराणा दुकानाच्या पायरीवर लाकडी खोक्यात ही कॉमिक्स उभी रचलेली असत. तिथेच बसून वाचलं तर पाच पैसे, घरी नेलं तर दहा. पायरीवर आम्ही दाटीवाटीने बसायचो. घरी तेलुगू बोलणारा पद्मशाली पोरगा, घरी कन्नड बोलणारा, दखनी बोलणारा, आणि आमच्यासारखे गिरणीच्या चाळीतले मराठी. एकाच्या हातात पुस्तक आणि बाकीच्यांच्या माना त्याच्या खांद्यावर. पान उलटायला उशीर झाला की मागून, “का बे, झालं का नाही? मला बी वाचायचंय की!” सोलापुरात किती भाषा नांदतात हे बाहेरच्याला नवल वाटतं. आम्हाला नवल वाटायचं ते एवढंच की पद्मशाली पोरगा संवाद मोठ्याने वाचायचा तेव्हा वेताळाचा आवाज सगळ्यांत भारदस्त यायचा.

भांडणंही खूप व्हायची. वेताळ आणि जादूगार मांड्रेक यांची गाठ पडली तर कोण जिंकेल? मांड्रेक नुसता हात हलवून भुलवील, असं एकाचं म्हणणं. वेताळ डोळे मिटून मुक्का मारील, असं दुसऱ्याचं. फ्लॅश गॉर्डन आणि मांड्रेकचा सोबती लोथार यांच्यावरूनही हेच चाले. हे सगळे वाद ताकदीचे होते. वेताळाला हा अधिकार दिला कोणी, हा प्रश्न त्या पायरीवर एकदाही निघाला नाही.

आज शांतपणे पाहिलं तर तो प्रश्न पानापानावर होता. बापामागून मुलगा असा हा एकविसावा वेताळ. जंगलाचा कायदा तोच करतो, तोच राबवतो, शिक्षा तोच देतो. जंगल गस्ती दलाचा तो सरसेनापती, पण दलातल्या एकाही शिपायाने आपल्या सेनापतीचं तोंड पाहिलेलं नाही. हुकूम तिजोरीत येऊन पडतात आणि पाळले जातात. त्याला कोणी निवडून दिलेलं नाही, त्याला कोणी काढूही शकत नाही. इतकी सत्ता एका मुखवट्यामागे असूनही आम्ही निर्धास्त होतो, कारण तो चांगला आहे हे आम्हाला ठाऊक होतं. तेवढं पुरायचं.

ली फॉकला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याने डेंकालीला लामांडा लुआगा नावाचा राष्ट्राध्यक्ष दिला. पेशाने डॉक्टर, आफ्रिकी, निवडणुकीने आलेला. आणि त्याच्यासमोर जनरल बाबाबू उभा केला, लष्कराच्या बळावर सत्ता बळकावणारा. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते आणि कित्येक ठिकाणी लष्कर सत्तेवर चढत होतं, त्या काळात हे लिहिणं सोपं नव्हतं. वेताळ लुआगाच्या बाजूने उभा राहिला, त्याच्या जागी स्वतः बसला नाही, ही मोठीच गोष्ट. पण यात हुकूमशहा ओळखायला कष्ट पडायचे नाहीत. छातीवर पदकं, अंगात गणवेश, चेहऱ्यावर माज. फ्लॅश गॉर्डनमधला मोंगो ग्रहाचा सम्राट मिंग तर पहिल्या चित्रातच दुष्ट दिसे. जुलूम करणारा परका, कुरूप, आणि शेवटी हरणारा. आपल्यातलाच एखादा, आपला लाडका, तसा होईल ही शंका आमच्या कॉमिक्सनी आम्हाला शिकवली नाही.

शंका आली ती घरातून.

२६ जून १९७५च्या सकाळी रेडिओवर आणीबाणी जाहीर झाल्याचं सांगणारा इंदिरा गांधींचा आवाज आला, तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गिरणीत साचेखात्यात कामाला होते. पहिले काही महिने ते खूश होते. भोंग्याच्या ठोक्याला पाळी भरते, कचेरीतला कारकून जागेवर सापडतो, गाड्या वेळेवर येतात, साठेबाज घाबरलेत, असं ते जेवताना सांगायचे. त्यात खोटं काही नव्हतं. काका शाळेत शिक्षक आणि सेवादलातले. ते ताटावरून मान वर करून म्हणायचे, “दादा, गाडी वेळेवर येतीय. पण गाडीत कुणाला कुठं नेलंय, ते छापायला बंदी हाय.” मग आई दोघांच्या पानात भाकरी वाढून विषय बदलायची.

आम्हा मुलांना कळेना, कारण दोघेही आम्हाला सारखेच मोठे होते. आणि बाहेरच्या जगातली मोठी माणसंही अशीच फुटली होती. विनोबा आणि जयप्रकाश ही दोन नावं आमच्या घरात एका श्वासात घेतली जात. १९५४ साली जयप्रकाशांनी विनोबांच्या भूदान कार्याला जीवनदान दिलं होतं, हे काका आम्हाला एखाद्या पुराणकथेसारखं सांगायचे. आता वर्षभराच्या मौनात असलेल्या विनोबांचे ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने भिंतीभिंतीवर लावले होते आणि जयप्रकाश कैदेत होते. नोव्हेंबरात सुटले ते मूत्रपिंडं निकामी होऊनच, आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले. पुढे जानेवारी १९७६मध्ये विनोबांच्याच पवनारला आचार्यांचं संमेलन भरलं आणि देशात पूर्ववत स्थिती यावी असा सूर तिथून निघाला, पण भिंतीवरचे शब्द भिंतीवरच राहिले. सर्वोदयाची चळवळ मात्र घराघरात दुभंगली. लाल बावट्याचंही तसंच. भारतीय कम्युनिस्ट पक्ष आणीबाणीच्या बाजूने, मार्क्सवादी पक्ष विरोधात. गिरणगावात हे दोन्ही एकाच गल्लीत राहायचे आणि एकमेकांकडे बघायचे नाहीत.

त्याआधी, १९७५च्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. यशवंतरावांवर आमच्या घराचा जीव होता. प्रतिसरकारच्या मुलखातून वर आलेला, बेचाळीसमध्ये भूमिगत राहिलेला माणूस. आणि त्यांच्याच गावात, त्यांच्या उपस्थितीत, दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लोकांना उभं केलं. लेखनस्वातंत्र्यावर बोलल्या. पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. काकांनी ही हकिगत आम्हाला सांगितली तेव्हा मी विचारलं होतं, “मग यशवंतराव वाईट आहेत का?” काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाहीत. म्हणून तर अवघड हाय.”

आप्पांचं मत कुणाच्या भाषणाने बदललं नाही. १९७५च्याच सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. गिरणी कामगाराची दिवाळी म्हणजे बोनस. मुलांचे कपडे, वाण्याची उधारी, गावाकडच्या आईला पाठवायचे पैसे, सगळं त्यावर. एरवी असा प्रकार झाला असता तर गेट बंद पडलं असतं. आता संप करायची सोय नव्हती, सभा घ्यायची नव्हती, वर्तमानपत्रात तक्रार छापून यायची नव्हती. शिस्तीचा भोंगा कुणासाठी वाजतो ते आप्पांना त्या दिवाळीत कळलं. ते काकांना तसं म्हणाले नाहीत. पण लोकसंघर्ष समितीच्या सत्याग्रहात काकांना अटक झाली आणि येरवड्याला नेलं, तेव्हा त्यांच्यासाठी शिदोरी घेऊन पुण्याला जाणारे आप्पाच होते.

या सगळ्या काळात आम्ही पायरीवर बसून कॉमिक्स वाचतच होतो. डिसेंबर १९७६मध्ये इंद्रजालमध्ये पहिला अस्सल भारतीय नायक आला, बहादूर. आबिद सुरतींनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणियांनी रेखाटलेला. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. बाप दरोडेखोर, पोलिसाच्या हातून मारला गेलेला. सूड घ्यायला निघालेला मुलगा शेवटी त्याच पोलीस अधिकाऱ्याच्या छायेत वाढतो आणि गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. आम्ही बहादूरवर फिदा झालो. आपल्यासारखी नावं, आपल्यासारखी धूळ, आपल्यासारखे चेहरे. तेव्हा काका येरवड्यात होते आणि बहादूर पोलिसांच्या खांद्याला खांदा लावून लढत होता. मी दोन्हींचा अभिमान बाळगत होतो. त्या दोन गोष्टी एकमेकांसमोर ठेवून पाहाव्यात असं सुचवणारं एकही पान माझ्या हाती पडलं नाही. चांदोबातल्या विक्रमाला निदान दर गोष्टीच्या शेवटी न्याय कुणाचा हे सांगावं लागे. कॉमिक्समधल्या नायकांना कुणी काही विचारतच नव्हतं.

मार्च १९७७मध्ये निवडणूक झाली, सरकार पडलं, काका त्याआधीच घरी आले होते. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत वेताळाचं डायनाशी लग्न लागलं. आम्हाला ते नंतर इंद्रजालमध्ये वाचायला मिळालं. काय लग्न होतं ते! राष्ट्राध्यक्ष लुआगा आले होते. शेजारच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष गोरांडा आले होते. आणि मांड्रेक आला होता, लोथारला घेऊन. ज्यांची झुंज लावायला आम्ही वर्षानुवर्षं तडफडलो, ते दोघे समोरासमोर आले ते पाहुणा आणि यजमान म्हणून. पायरीवरचा आमचा वाद त्या दिवशी कायमचा मिटला. तेव्हाचे नायक एकमेकांना भेटायचे ते असे लग्नाकार्यात.

आताचे भेटतात ते रणांगणावर, आणि त्यांच्यात हाडवैर लागतं ते ‘हा अधिकार दिला कोणी’ याच प्रश्नावरून, जो आम्ही विचारला नाही.

माझी नात पुण्याला असते. सोलापुरातल्या बहुतेक घरांची पुढची पिढी आता पुण्यातच असते. सुट्टीत ती आली की हातात टॅब, आणि टॅबवर ‘इन्जस्टिस’. २०१३ साली याच नावाचा व्हिडिओ गेम निघाला आणि त्याची आधीची कथा सांगणारी कॉमिक्सची मालिका टॉम टेलर या ऑस्ट्रेलियन लेखकाने लिहायला घेतली. नातीने मला ती पानापानाने समजावून सांगितली.

जोकर कपटाने सुपरमॅनकडूनच त्याच्या गरोदर बायकोला मारवतो, आणि तिच्या मरणाबरोबर अणुबाँब फुटून त्याचं शहर बेचिराख होतं. सुपरमॅन जोकरला ठार करतो. इथवर कुठलाही वाचक त्याच्या बाजूने असतो. मग तो ठरवतो की आता कुणाचंच मूल, कुणाचंच शहर असं जाणार नाही. एका देशातल्या जुलमी सत्ताधीशाला तो पकडतो, सगळ्या जगाला युद्ध थांबवायचा हुकूम देतो. मला पायरीवरचा जनरल बाबाबू आठवला. वेताळ इथेच थांबला होता. सुपरमॅन थांबत नाही. एकेक पाऊल पुढे टाकत तो सगळ्या पृथ्वीचा एकच धनी होऊन बसतो. वंडर वुमन त्याला पाठीशी घालते, उलट आणखी पुढे ढकलते. बॅटमॅन विरोधात जातो आणि भूमिगत होतो. बॅटमॅनचा सख्खा मुलगा डेमियन सुपरमॅनच्या गोटात.

हे वाचताना आमच्या घरातलं ते ताट, ती भाकरी, मान वर करून बोलणारे काका, सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. एक फरक होता. आमच्या घरात जे जेवताना अर्ध्यावर तोडलं जायचं, ते इथे शेवटपर्यंत बोललं जात होतं. सुपरमॅनची बाजू कमकुवत करून मांडलेली नाही. युद्धं थांबली, मुलं वाचली, याला तुमचं उत्तर काय, असं तो विचारतो आणि बॅटमॅनकडे सोपं उत्तर नसतं. त्याच्याकडे एक हट्ट आहे, की भीतीने आलेली शांतता ही ज्याच्या हातात असेल त्याच्याच मर्जीची असते. आणि मग वाचक बघत राहतो की मर्जी कशी बदलत जाते. आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या डोळ्यांदेखत सुपरमॅन ग्रीन ॲरोला, जुन्या सहकाऱ्याला, बुक्क्यांनी मारून टाकतो. तो बॅटमॅनची पाठ मोडतो. तेव्हा त्याच्यासमोर उभा राहतो तो घरकाम सांभाळणारा म्हातारा आल्फ्रेड. ताकद देणारी एक गोळी खाऊन तो सुपरमॅनला झोडपतो. नात हे पान मला परत परत दाखवते.

गेममधला एक प्रसंग मात्र मला जास्त लागला. आपलं राज्य मान्य नसलेली शहरंच पुसून टाकायचं सुपरमॅनने ठरवलेलं असतं. त्याचे सगळे बलाढ्य साथीदार गप्प असतात. बोलतो तो शझाम, जो खरं म्हणजे बिली बॅटसन नावाचा एक पोरगा आहे, मंत्र उच्चारला की मोठा होणारा. हे बरोबर नाही, एवढंच त्याचं म्हणणं. सुपरमॅन त्याला तिथेच मारतो. त्यानंतर फ्लॅश, म्हणजे आमचा फ्लॅश गॉर्डन नव्हे, सुपरमॅनचाच एक साथीदार, त्या गोटातून निघून जातो. वाईटाच्या बाजूला असलेला माणूस कोणत्या क्षणी उठतो हे इतकं उघड करून दाखवणारी गोष्ट मला माझ्या लहानपणी कुणी दिली असती तर आप्पांच्या बोनसचा अर्थ मला तेव्हाच कळला असता.

हे काही एकाच मालिकेत आलेलं नाही. १९८६मध्ये फ्रँक मिलरने सरकारचं ऐकणारा सुपरमॅन आणि न ऐकणारा म्हातारा बॅटमॅन एकमेकांवर घातले. त्याच वर्षी ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ सुरू झालं, ज्यात मुखवटेधाऱ्यांवर बंदी घालणारा कायदा होतो आणि काही सरकारी नोकरीत जातात, काही घरी बसतात, एकजण जुमानत नाही. २००३ साली मार्क मिलरने सुपरमॅनला सोव्हिएत युक्रेनच्या सामुदायिक शेतावर वाढवून त्याच्याविरुद्ध बंड करणारा बॅटमॅन उभा केला. त्याच मार्क मिलरची ‘सिव्हिल वॉर’ २००६–०७मध्ये आली. सगळ्या अतिमानवांनी सरकारदरबारी नाव नोंदवावं असा कायदा, आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. स्पायडरमॅन आधी एकीकडे, मग दुसरीकडे. जिंकण्याच्या घटकेला कॅप्टन अमेरिकाला आग विझवणारे, रुग्णवाहिकेवरचे, पोलिसातले साधे लोक येऊन धरतात. आपल्या भांडणात शहर मोडतंय हे त्याला दिसतं आणि तो शरण जातो. २०१६च्या सिनेमात यातलं निम्मंच उरलं. मला मूळचं जास्त आवडतं, कारण त्यात दोन्ही बाजूंना साध्या माणसांपुढे थांबावं लागतं.

नातीने एकदा विचारलं, “आजोबा, आपल्याकडे असं काही झालंय का? खरंखरं?” मी तिला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी घेऊन गेलो. सोलापुरात वाढलेल्या पोराला ही चार नावं सांगावी लागत नाहीत, पुण्यात वाढलेल्या पोरीला सांगावी लागतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा.

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं गाव रस्त्यावर आलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली चौकी जाळली, पोलीसही मारले गेले. हेही नातीला सांगितलं, झाकलं नाही. पोलीस गाव सोडून गेले आणि ९ ते ११ मे हे दिवस गावाचा कारभार गावाच्याच हाती होता. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यावरची वाहतूक सांभाळली. मग लष्कर आलं. १२ मे ते ३० जून सोलापुरात मार्शल लॉ होता. गांधी टोपी हा गुन्हा झाला. माझी आजी तेव्हा लहान होती. सोजिर दिसले की रस्त्यातली माणसं टोप्या काढून कुडत्यात खुपसायची, असं ती सांगायची. आणि एक म्हातारा टोपी काढत नव्हता म्हणून त्याचा मुलगाच त्याच्या पाया पडत होता, असंही.

मल्लप्पा धनशेट्टी जमावाला आवरायला धडपडत होते, असं सोलापूर आजही सांगतं. कुर्बान हुसेन विशीतला पोरगा, कामगारांत वावरणारा, ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवणारा. या चौघांवर खुनाचे आरोप ठेवले गेले आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फासावर चढवलं. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. आमच्या पायरीवर दाटीवाटीने बसणारी पोरं याच वस्त्यांतून यायची. कॉमिक्स घेऊन घरी जाताना आम्ही या चौघांची नावं ओळीने म्हणत जायचो, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. त्यांची गोष्ट मात्र आम्हाला चित्रांत कुणी काढून दिली नाही. आजही मुलांच्या हातात देता येईल अशी, भाषणबाजी नसलेली, त्या चाळीस-पन्नास दिवसांची चित्रकथा मला हवी आहे. मार्शल लॉखाली कुणी टोपी काढली, कुणी नाही काढली, कोण कुणाच्या पाया पडलं, हे सगळं त्यात हवं.

कारण माझं दुःख ते आहे. आमच्याकडे भाषा होती आणि प्रश्न नव्हता. नातीकडे प्रश्न आहे आणि भाषा गेली. इंद्रजाल १९९० साली बंद पडलं, आठशेच्या वर अंक काढून. बाळीवेशीतली ती पायरी आता मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानाखाली गेली आहे. नवीन पिढीचे सुपरमॅन आणि बॅटमॅन छापील मराठीत माझ्या तरी पाहण्यात नाहीत. ती इंग्रजीत वाचते, सिनेमा हिंदीत बघते आणि यावर वाद घालते ते टॅबमधल्या अनोळखी लोकांशी. सत्ता कुणाच्या हातात असावी, ती हातात आलेला चांगला माणूस बिघडतो कसा, यावर एवढं खोल बोलणारं बालसाहित्य आज जगात आहे, आणि आमच्या गल्लीतल्या तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी पोरांनी एका पुस्तकावर माना टाकून त्यावर मराठीत तंडावं, अशी जागा नाही. ती जागा परत हवी असं मला मनापासून वाटतं. वाचनालयं आहेत, शाळांत तास आहेत, चित्र काढणारं पोर तर सोलापुरात घरटी एक आहे.

तोवर आम्ही घरात सुरुवात केली आहे. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, डोळ्यांनी वाचता येत नाही. रोज संध्याकाळी नात त्यांच्या शेजारी बसते आणि इन्जस्टिसची पानं मराठीत सांगते. शब्द अडला की मला हाक मारते. ग्रीन ॲरोला तिने ‘हिरवा तीरंदाज’ केलं, ते काकांनी मंजूर केलं. सुपरमॅनची बाजू आधी पूर्ण सांग, मधे बॅटमॅन आणू नको, असं त्यांनी तिला बजावलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “त्या सुपरमॅनच्या राज्यात वर्तमानपत्रं निघत होती का गं? आणि त्यात काय छापून यायचं?”

“मोठे आजोबा, सुपरमॅन स्वतःच पत्रकार होता आधी,” ती म्हणाली.

“मग तर छापखाना कुठाय ते त्याला पक्कं ठाऊक असणार,” काका म्हणाले. “बघ बरं शोधून.”

ती आता पहिल्या भागापासून पुन्हा वाचते आहे, फक्त तेवढ्यासाठी.